धागा: गावतलावाची शाळा – मुलांना तलाव कोण शिकवणार?

बोडीकाठ

नमस्कार मंडळी. मी अर्जुनी-मोरगाव तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. पर्यावरण शिक्षणाबद्दल बरेच दिवस मनात साचलंय, ते आज लिहून टाकते. तुमचे अनुभवही हवे आहेत.

आपल्याकडे पर्यावरण शिक्षण म्हणजे तीन तारखा. पहिली ५ जून, पण तेव्हा विदर्भातल्या शाळा उन्हाळी सुट्टीवर असतात, म्हणून रोप नंतर लावून फोटो पाठवला जातो. दुसरा ऑक्टोबरचा पहिला आठवडा, वन्यजीव सप्ताह, प्रभातफेरी. तिसरी २ फेब्रुवारी, जागतिक पाणथळ दिन, फळ्यावर एक घोषवाक्य. एवढं झालं की अहवाल पूर्ण. मुलं वाघाचं चित्र सुरेख काढतात, पण शाळेमागच्या तलावात काय उगवतं आणि ते गेलं तर त्याच्या मागोमाग काय जातं, हे विचारलं की वर्ग गप्प. ज्यांना हे सांगता येतं ते मासेमारी करणाऱ्या ढीवर समाजातले आजोबा आणि धानाच्या रोवण्याला (लावणीला) जाणाऱ्या बाया शाळेपासून हाकेच्या अंतरावर राहतात, पण त्यांना वर्गात कुणी बोलावत नाही.

आणि आपला तलाव काही साधासुधा खड्डा नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर या जिल्ह्यांत मिळून सहा हजारांहून जास्त माजी मालगुजारी, म्हणजे पूर्वी सारा वसूल करणाऱ्या मालगुजारांच्या ताब्यातले, तलाव आहेत, ज्यांना आपण मामा तलाव म्हणतो. बरेचसे गोंड राजांच्या काळातले, कोहळी समाजाच्या कसबातून बांधलेले. नवेगावबांधचा एवढा मोठा जलाशय, तोही कोलू पाटील कोहळी यांनी बांधल्याचं सगळे जाणतात. वर जंगल, मग तलावाची पाळ (मातीचा बांध), पाळीखाली बांध्या (धानाची शेतं), बांध्यांच्या खाली पुन्हा बोडी (लहान तळं), म्हणजे वरून सुटलेलं पाणी खाली पुन्हा अडतं. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले. मालगुजारी जायलाच हवी होती. पण तिच्याबरोबर दर उन्हाळ्यात गावाने मिळून पाळ दुरुस्त करायची, मोरी (पाणी सोडायची वाट) साफ करायची ही रीतही गेली, आणि तिच्या जागी दुसरं काही उभं राहिलं नाही.

आमच्या शाळेत सध्या काय चाललंय ते सांगते. मुलं एक तलाव-वही ठेवतात. मोरीच्या दगडावर रंगाने खुणा केल्यात, त्यावरून पाण्याची पातळी. एक पांढरी ताटली दोरीला बांधून पाण्यात सोडायची, दिसेनाशी झाली की दोरी मोजायची, म्हणजे पाणी किती गढूळ ते कळतं. काठावर कोणते पक्षी, पाण्यात कोणती झाडं, जाळ्यात कोणता मासा. बस. यंत्र नाही, खर्च नाही.

एकदा काचेच्या बरणीत तलावाचं पाणी घेऊन त्यात हायड्रिला या पाणवनस्पतीची फांदी टाकली आणि बरणी ओट्यावर उन्हात ठेवली. थोड्या वेळात पानांच्या कडेला बारीक बुडबुडे धरले आणि एकेक सुटून वर जायला लागले. बरणी वर्गात आणली, बुडबुडे मंदावले, थांबले. पुन्हा उन्हात नेली, पुन्हा सुरू. सहावीतली एक मुलगी म्हणाली, “मॅडम, मंग रात्री मासा काय करते?” पुस्तकात हे असं कुठे लिहिलेलं नाही. तुम्ही असतात तर काय सांगितलं असतं?

जाळंवाला

मॅडम, मी साकोलीकडचा. आमच्या घरी पिढ्यान् पिढ्या जाळं आहे. त्या पोरीच्या प्रश्नाचं उत्तर आमचा बाप बी देत होता, फक्त त्यानं ते शाळेत शिकलं नव्हतं.

रात्री पान्यातलं झाड बी हवा घेते, देत नाही. म्हनून पहाटे पान्यातली हवा सगळ्यात कमी राह्यते. आभाळ भरून आलं, चार दिवस ऊन नाही पडलं, का कतला-रोहू पहाटे वर येऊन तोंड उघडझाक करते. ते दिसलं का आमी समजतो, पानी बिघडून राह्यलं. त्या टायमाले मरळ, शिंगी, मागूर बिनघोर. काहून का, त्याईले वरची हवा बी घेता येते. म्हनून तर उन्हाळ्यात तलाव आटून चिखल उरला तरी मरळ जगते.

पोट्ट्याईले पहाटे पाळीवर घेऊन या. एक डाव पाह्यलं का जल्मभर इसरनार नाहीत.

बोडीकाठ

भाऊ, हेच हवं होतं. तुम्ही एक दिवस शाळेत याल का? किंवा आम्हीच पाळीवर येतो, तेच बरं.

पाणकावळा

धागा वाचून फार बरं वाटलं. मी नागपूरचा, हिवाळ्यात गोंदिया-भंडाऱ्याच्या तलावांवर पक्षी बघायला येत असतो. ताई, वहीत पक्ष्यांची यादी ठेवता ते उत्तम, पण मुलांना एक गोष्ट अजून लिहायला लावा: पक्षी कुठे होता. पाण्याच्या मध्ये, काठाच्या गवतात, चिखलावर की पानांवर. नावापेक्षा हे महत्त्वाचं आहे असं मी आता ठामपणे म्हणतो.

कारण सांगतो. तलवार बदक, गडवाल ही बदकं बुडी मारत नाहीत, शेपूट वर करून डोकं तेवढं पाण्यात घालतात, म्हणून त्यांना उथळ पाणी लागतं. लालसरी बुडी मारते, तिला खोल पाणी चालतं. कमळपक्षी तरंगत्या पानांवर चालतो आणि अंडीही तिथेच घालतो. तुतारी-टिलवे ओल्या चिखलात चोच खुपसतात. उघड्या चोचीचा करकोचा गोगलगायी खातो, म्हणजे जिथे पाण्यातली झाडं तिथे गोगलगाय, जिथे गोगलगाय तिथे तो. मुलांनी ही जागा लिहिली की दोन-तीन हंगामांत त्यांना आपोआप उमगतं की तलाव ही एक जागा नसून पाच-सहा जागा आहेत.

गावकारभारी

सर्वांना नमस्कार. मी एका ग्रामपंचायतीत निवडून आलेला आहे, त्यामुळे दुसरी बाजू मांडतो. पक्षी, झाडं हे सगळं मान्य. पण आमच्या तलावात गाळ इतका साचलाय की मार्चमध्ये जनावरांना पाणी नसतं. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ मधून गाळ काढायचा ठराव झालाय, शेतकरी ट्रॅक्टर घेऊन तयार आहेत. अशा वेळी कुणी पक्षीमित्र येऊन काठाला हात लावू नका म्हणाला तर गावाला राग येणारच. आधी पाणी, मग बाकी.

पाणकावळा

दादा, राग समजू शकतो. गाळ काढूच नका असं मी कधीच म्हणणार नाही, तलाव गाळाने मरतोय हे खरंच आहे. माझं म्हणणं जेसीबी कसा फिरतो याबद्दल आहे. ठेकेदाराला सोयीचं म्हणून काठापासूनच सरळ उभी भिंत कापतात आणि तलावाचं हौद करून टाकतात. मधला भाग खोल करा, मोरीजवळचा गाळ काढा, पण जंगलाकडच्या बाजूचा उतार तसाच राहू द्या. त्या उतारावरच गवत, देवधान (रानभात) उगवतं, मासा अंडी घालतो. गुरंही त्याच उतारावरून पाण्यात उतरतात. उभ्या काठावरून म्हैस पाण्यात जाईल कशी, ते तुम्हीच सांगा.

गावकारभारी

म्हशीचा मुद्दा ग्रामसभेत चालेल. उताराचं ठरावात लिहून घेतो.

जाळंवाला

लिहून घ्याच जी. आनि संगं बेशरमचं बी लिहा.

ज्याईले माहीत नाही त्याईच्यासाठी: बेशरम म्हनजे ते जांभळट फुलाचं झाड, दक्षिण अमेरिकेतून आलेलं, आता प्रत्येक तलावाच्या काठाले. कोनी कुंपनासाठी लावलं, आता हटत नाही. गुरं खात नाही, खाल्लं तर बिमार पडते. काठाची सारी जागा तेच खाते. त्याले नुसतं तोडलं तर तोडलेला तुकडा बी चिखलात मूळ धरते. म्हनून एप्रिल-मेमध्ये पानी हटलं का मुळासकट उपटायचं, पाळीच्या पल्याड उंच जागी वाळवायचं.

तेवढ्यानं भागत नाही. आमच्या अर्जुनी-साकोलीकडं काही ढीवर संस्थाईनं पुढचं बी केलं. बेशरम काढून सुकलेली जमीन नांगरली, आनि पाऊस लागल्यावर हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया, पांढरी कुमुदिनी अशी पान्यातली झाडं लावली. शेतात रोवना करतात तसाच तलावात रोवना. याच्यात आमच्या बायाईनं लय मेहनत घेतली, गावोगावच्या बैठकीत त्याच पुढं राह्यल्या. झाडं आली, मंग देशी मासा आला, मंग बदकं आली. या क्रमानंच येते, उलटं होत नाही.

बांधीधुरा

भाऊंनी बरोबर लिहिलं, पण एक शंका. देशी मासा छान, चवीलाही. पण तलावाच्या ठेक्याचे पैसे तर कतला-रोहूवरच निघतात ना? मासेमारी संस्थेने बीज टाकणं बंद करावं असं म्हणणं आहे का तुमचं?

जाळंवाला

नाही जी, बंद नाही. कतला, रोहू, मृगल पोसा, ते आपलेच आहेत. पन हिशेब पाहा. हे तिघं वाहत्या नदीत पुराच्या पान्यात अंडी घालते, थांबलेल्या तलावात घालत नाही. म्हंजे दर वर्षी बोटुकली (माशाची बारकी पिल्लं) इकतच आनावी लागते. देशी बारका मासा, मरळ, शिंगी हे तलावातच वाढते, त्याचं बीज फुकट. फक्त त्याले पहिल्या पावसात अंडी घालाले वरच्या पान्यात चढू द्या. चढनीच्या टायमाले सांडव्यावर फास लावून पोटात गाबोळी असलेला मासा धरला, तर पुढच्या सालाचं बीजच खाल्लं.

माझा इरोध आहे तो गवत्या माशाले, म्हंजे ग्रास कार्पले. तो पान्यातली झाडं मुळापासून साफ करते. एकीकडं बायाईनं झाडं लावायची आनि दुसरीकडं गवत्या सोडायचा, हे काम नाही. आनि आफ्रिकन मागूरवर तर देशात बंदीच आहे, तरी कोनी कोनी चोरून आनते. पोट्ट्याईले देशी मागूर आनि त्याच्यातला फरक शिकवा मॅडम, बाजारात ओळखू आला पाह्यजे.

बोडीकाठ

आपल्या मंडळींनी कायद्याची एक गोष्ट माहीत करून घ्यायला हवी, म्हणून मध्येच लिहिते. आपले तलाव पाणथळ म्हणून कायद्याने सुरक्षित आहेत असं पुष्कळांना वाटतं. पण पाणथळ जागांच्या २०१७ च्या नियमांतून सिंचनासाठी किंवा पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले मानवनिर्मित जलसाठे वगळलेले आहेत. मामा तलाव सिंचनाचे, म्हणजे रामसरच्या, आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळांच्या, यादीतल्या एखाद्या स्थळासारखं कवच यांना आपोआप नाही. मग उरतं काय, तर ग्रामसभा, आणि २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक पंचायतीत असायलाच हवी ती जैवविविधता व्यवस्थापन समिती. तिने लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. पुष्कळ गावांत ही वही बाहेरच्या कुणी येऊन भरून दिलेली आहे आणि कपाटात बंद आहे. ती मागून घ्या, मुलांसोबत वाचा. आपल्या तलावातला कोणता मासा त्यात नाही हे मुलं लगेच सांगतील. त्यांच्या वहीतली नोंद त्या वहीत गेली पाहिजे, हा माझा आग्रह आहे.

लोणारकाठ

बुलढाणा जिल्ह्यातून लिहितोय. रामसरचा उल्लेख आला म्हणून. लोणार सरोवर २०२० मध्ये त्या यादीत आलं, विदर्भातलं ते एकमेव. पण आमच्याकडे अडचण वेगळीच. मुलांना पुस्तकातून शिकवतात की पाणथळ म्हणजे कमळ, मासे, बदकं. इथलं पाणी खारट आणि तीव्र अल्कधर्मी, उल्का आदळून झालेलं विवर, त्यात जगतात ते सूक्ष्मजीव आणि शैवाल. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा गावात काय काय बोललं गेलं! पुण्याच्या आघारकर संस्थेने तपासलं तेव्हा कळलं की पातळी घटून खारटपणा वाढला आणि मीठ आवडणारे हॅलोआर्किया वाढले, त्यांचा तो रंग. हे आम्ही शाळेत साध्या मिठाच्या पाण्याने आणि हळदीच्या कागदाने दाखवतो. हळद लावलेला कागद सरोवराच्या पाण्यात बुडवला की लालसर होतो, विहिरीच्या पाण्यात पिवळाच राहतो. सांगायचं एवढंच की झाडीपट्टीचा, म्हणजे पूर्व विदर्भाचा, धडा आमच्याकडे जसाच्या तसा आणू नका. ज्याच्या त्याच्या पाण्याचा धडा वेगळा.

बांधीधुरा

हळदीचं आवडलं, आमच्या तलावावरही करून बघू.

आता सारसाबद्दल लिहितो, कारण पक्षी म्हटलं की आमच्या गोंदियात तोच. उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सगळ्यात उंच, माणसाच्या खांद्या-डोक्याला लागतो. महाराष्ट्रात आता मुख्यतः वैनगंगा-बाघ नद्यांच्या आसपास, गोंदिया-भंडाऱ्यातच उरलाय. पावसाळ्यात तलावाच्या काठी किंवा थेट धानाच्या बांधीत घरटं करतो. गवत, धानाची रोपं ओढून पाण्यात ढीग रचतो, बहुधा दोन अंडी, नर-मादी आळीपाळीने महिनाभर उबवतात.

आमच्या शेजारच्या बांधीत जोडी बसली तेव्हा घरातल्यांचा पहिला प्रश्न होता, धान गेलं त्याचं काय? प्रामाणिक प्रश्न आहे, त्याला भावनेने उत्तर देऊ नये. धान जातं ते घरट्याच्या भोवतीच्या तुकड्यापुरतं. खरी अडचण फवारणीची. धानावर तुडतुडा (रस शोषणारी कीड) वाढला होता आणि शेजारी पंप घेऊन तयार. शाळेतली मुलं, त्यांच्यात त्याचा मुलगाही, धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) उभी राहून रोज नोंद घेत होती. मुलानेच बापाला सांगितलं की त्या कोपऱ्यात औषध नको, पिल्लं किडे आणि गोगलगायीच खाणार आहेत. तो कोपरा सोडला. मी या गोष्टीला पर्यावरण शिक्षण म्हणतो. कुत्र्यांना लांब ठेवायची जबाबदारीही मुलांनीच घेतली.

सारसाला दुसरा धोका विजेच्या तारांचा. एवढ्या मोठ्या पंखांचा पक्षी धुक्यात तारांना अडकतो. २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सारसाचा प्रश्न स्वतःहून हाती घेतला, तेव्हापासून तारांवर परावर्तक लावणं, तारा जमिनीखालून नेणं यावर बोलणं सुरू झालं. तरी घरटं कुठे आहे हे पहिल्यांदा कळतं ते शेतकऱ्यालाच. त्याला सोडून सारस वाचवता येणार नाही.

कापूसवाट

बांधीधुरा दादा, फवारणीचा विषय काढलात म्हणून यवतमाळहून लिहिते. २०१७ चा तो हंगाम आम्ही विसरलेलो नाही. कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन आमच्या जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-मजूर गेले. तेव्हापासून मी बचत गटाच्या बैठकीत हे बोलते: पंप नाल्यात, तलावात धुवायचा नाही. रिकामा डबा तीनदा विसळून ते पाणी पंपातच ओतायचं, डब्याला भोक पाडायचं, नाहीतर कुणीतरी तो पाणी भरायला नेतं. वाऱ्याच्या विरुद्ध फवारायचं नाही. मजुराला हातमोजे आणि साबण मालकाने द्यायचा.

आणि प्रत्येक किडीला विषच लागतं असंही नाही. पाच टक्के निंबोळी अर्क घरी होतो. पाच किलो वाळलेल्या निंबोळ्या कुटून दहा लिटर पाण्यात रात्रभर भिजवायच्या, सकाळी फडक्याने गाळून शंभर लिटर पाणी करायचं, थोडा साबणाचा चुरा घालायचा, आणि त्याच दिवशी वापरायचं. निंबोळ्या पावसाच्या सुरुवातीला झाडाखाली पडतात, मुलांना वेचायला सांगा. माझ्या मते पाणथळाचं शिक्षण सालदार आणि मजुरापर्यंत गेलं नाही तर ते अर्धंच राहिलं.

मोहफूल

चंद्रपूर जिल्ह्यातून. तलाव सोडून थोडं जंगलाकडे येते, कारण तलावाचं पाणी जंगलातूनच येतं. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळतात, ती आग पसरली की डोंगर उघडा, आणि पहिल्या पावसात सगळी माती तलावात. म्हणजे गाळ. आम्ही काही बायांनी झाडाखाली जुन्या साड्या आणि जाळी अंथरायला सुरुवात केली. फूल स्वच्छ मिळतं, माती लागत नाही, भावही बरा येतो. शिवाय वाकून एकेक वेचत बसावं लागत नाही. वाकून बसलेलं माणूस वाघाला जनावरासारखं दिसतं, त्यामुळे पहाटे एकटीने जायचं नाही, चार-पाच जणींनी बोलत जायचं. लेकरांना हे आधी शिकवा, मग वाघाचं चित्र काढू द्या.

ताई, गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावात अभ्यास गट चालतात हे माहीत असेलच. निर्णय घेण्याआधी लोक बसून विषय समजून घेतात. त्या गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला तो याच सवयीच्या जोरावर असं मला वाटतं. तुमच्या तलाव-वहीसाठी असाच गट करा, शाळेपुरतं ठेवू नका. गुरुजींची बदली झाली की वही बंद पडते, हे आम्ही पाहिलंय.

बोडीकाठ

बदलीचा मुद्दा मनाला लागला. खरं आहे, माझीही होणारच आहे कधीतरी. म्हणून वही शाळेच्या कपाटात न ठेवता मासेमारी संस्थेच्या खोलीत ठेवायचं ठरवतेय, मुलं तिथे जाऊन लिहितील आणि संस्थेची माणसं त्यात आपली नोंद टाकतील. जाळंवाला भाऊ, चालेल ना असं?

काही जणांनी निरोपातून वहीचा नमुना मागितला. साधा आहे. डावीकडे तारीख आणि मोरीवरची खूण, मग ताटली किती दोरीवर दिसेनाशी झाली, मग झाडं, मासे, पक्षी आणि पाणकावळा यांनी सुचवल्याप्रमाणे पक्ष्याची जागा. उजवीकडे मोठा रिकामा रकाना, ‘कुणी सांगितलं’. तो रकाना सगळ्यात आधी भरतो. आजीने सांगितलं, गुराख्याने सांगितलं, असं मुलं लिहून आणतात. लोणारकाठ यांच्या हळदीच्या कागदासाठी एक रकाना वाढवते.

जाळंवाला

चालते मॅडम. खोलीची चावी सचिवाकडं राह्यते, मी सांगून ठेवतो. फक्त एक करा, वही मे महिन्यातच सुरू करा, शाळा उघडायची वाट पाहू नका. पानी सगळ्यात कमी तेव्हाच राह्यते, तळ दिसते, बेशरम कुठवर आली ते बी दिसते. आनि पह्यला पाऊस शाळा उघडायच्या आधीच पडते. मासा चढते तो दिवस हुकला तर मंग सालभर थांबा.

गावकारभारी

मे मध्ये सुरू करणार असाल तर आमच्या गावचीही एक वही धरा. ग्रामसभा १ मे रोजी आहे. उताराचा ठराव, गवत्या न सोडण्याचा आणि चढणीच्या काळात सांडव्यावर फास न लावण्याचा, तिन्ही विषय सूचीत टाकतोय. पाणकावळा साहेब, काठाचा उतार किती ठेवायचा हे जेसीबीवाल्याला कळेल अशा भाषेत, फुटात लिहून द्याल का? उताराचा नकाशा हाती असला की ठेकेदाराशी बोलणं सोपं जातं.

पाणकावळा

लिहून देण्यापेक्षा मीच येतो. आधी एकदा जाळंवाला भाऊंसोबत तलाव फिरून घेऊ, उतार कुठला ठेवायचा हे त्यांनाच जास्त कळतं. चुना आणि खुंट्या घेऊन येतो, जागेवरच आखून देऊ.